एकटेपण नि एकांत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "चार शब्द बोला" म्हटले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण त्या म्हणाल्या, "पाककृती सांगणाऱ्या पुष्कळ आहेत, तुम्ही तुमचे सांगा." माझे म्हणजे काय, ते इथल्या बहुतेकींना अर्धेमुर्धे ठाऊक आहेच. अर्धे ठाऊक असण्यापेक्षा पुरते सांगून टाकलेले बरे, म्हणून उभी राहिले. हात थरथरतोय तो भीतीने नव्हे, औषधाने. त्याचेही सांगते.

लग्न होऊन वाईला आले ते १९९९ साली. घरात आम्ही सात माणसे. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघे आणि आत्याबाई. अशा घरात कुणी एकटे असू शकते, हे मला कुणी सांगितले असते तर मी हसले असते. २००५ साली मुलगी झाली आणि तिच्या बारशानंतर मला काही सुचेनासे झाले. सकाळी जाग यायची, पण उठवत नसे. कणीक मळता मळता हात तसेच परातीत राहायचे. जाऊबाई हाक मारायच्या, ती ऐकू यायची, पण 'ओ' द्यायला तोंड उघडत नसे. सातही माणसे भोवती वावरत होती आणि मी जणू विहिरीच्या तळाशी बसून वरचे बोलणे ऐकत होते. रडू येते तेव्हा निदान काहीतरी होत असते. मला रडूही येत नव्हते.

सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी मायेने केले. शेजारच्या म्हणायच्या, "काय कमी आहे गं तुला? मन रमव कशात तरी." या शब्दांइतके एकटे पाडणारे दुसरे काही नसते. काही कमी नसताना असे होते म्हणजे आपणच वाईट, असे मन धरून बसते. एका संध्याकाळी मी गणपती घाटावर पायरीशी बसले होते आणि पाण्याकडे पाहून नको नको ते मनात येत होते. ढोल्या गणपतीची आरती सुरू झाली, एका पोराने घंटा इतकी जोराने बडवली की मी दचकून उठले आणि घरी आले. त्याहून अधिक मोठे असे काही घडले नाही. ते आजारपण वर्षभराने आपोआप ओसरले.

२०१० च्या दिवाळीला ते परत आले. या खेपेला ह्यांनी मला एका डॉक्टरांकडे नेले. उदासी घालवायच्या गोळ्या मिळाल्या. पौष लागेतो मी उठून बसले, हसू लागले. घर आनंदले. पण ते हसू थांबेना! रात्री दोन-तीन तास झोप पुरे व्हायची. पहाटे तीनला उठून मी पाच किलो तिळाचे लाडू वळले. शब्द तोंडात मावत नसत. वाटे, आपल्याइतके हुशार वाईत कुणी नाही.

आता जे सांगायचे ते इथे सांगणे कठीण आहे. त्या साली, २०११ ला, आपल्या भिशीचे पैसे माझ्याकडे असत. वीसजणींचे पाचशे-पाचशे, म्हणजे दहा हजार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साऱ्या गावाला वाण द्यायचे माझ्या डोक्यात आले, आणि मी ते दहा हजार घेऊन स्टीलचे डबे आणले. रिक्षा भरून! ओळखीच्या नसलेल्या बायकांना रस्त्यात थांबवून दिले. ज्यांचा त्या महिन्याला नंबर होता, त्यांना ते पैसे लेकीच्या फीसाठी हवे होते. त्या आज इथे बसल्या आहेत. ह्यांनी पतपेढीचे कर्ज काढून पैसे भरले, पण फीची तारीख निघून गेली होती. ते मी कधी विसरले नाही.

नंतर साताऱ्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी समजावले, की हा एकच आजार आहे आणि त्याची दोन टोके आहेत. बायपोलर म्हणतात. एका टोकाला नैराश्य, दुसऱ्या टोकाला उन्माद. ज्याला तो असतो त्याला नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या, तर क्वचित तो दुसऱ्या टोकाला फेकला जातो. म्हणून पूर्वी कधी झोपेवाचून उत्साह चढला होता का, हातून पैसा उधळला गेला होता का, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते आम्हांला कुणी विचारले नाही नि आम्हीही सांगितले नाही.

मला लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलगा म्हणाला, "आई, मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच हे." मी घाबरलेच! पण ही एक धातूची जात आहे, तिचा क्षार औषध म्हणून देतात. उन्मादावर तो चालतो हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली दाखवून दिले. औषध जुने, पण नखरेल. रक्तात थोडे कमी झाले तर उपयोग नाही, थोडे जास्त झाले तर विष. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे, आणि मूत्रपिंड नि थायरॉईडही अधूनमधून तपासायचे. तहान फार लागते, हात थरथरतो. वजन वाढले ते तुम्ही पाहताच आहात.

मी एकदा मूर्खपणा केला. २०१३ ची हरतालिका. निर्जळ उपास धरला, दिवसभर गौरीची तयारी, त्यात डोके दुखले म्हणून दुकानातली दुखण्यावरची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी उलट्या, पाय लटपटू लागले, जीभ जड झाली, कपबशी धरवेना. अंगातले पाणी कमी झाले की हे औषध बाहेर न जाता रक्तात साठते, आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते. दोन दिवस सलाईन लागले. डॉक्टर म्हणाले, "बाई, महादेव पाण्यावर रागावत नाही." तेव्हापासून माझा उपास पाणी पिऊन. जागरणही बंद, कारण झोप मोडली की उन्मादाला दार उघडते. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळते, पण साडेनऊला घरी. मला कुणी गर्विष्ठ म्हणत असेल तर त्याचे कारण हे आहे.

पण औषधाने सगळे झाले असे नाही. बरी झाले आणि खरे एकटेपण तेव्हा आले. शहाणपण परतले की लाजही परतते. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. रस्त्यात भेटणाऱ्या "बरी आहेस ना?" म्हणून चटकन पुढे जात. मी गोळ्या तुरीच्या डब्यात लपवायची. तीन वर्षे अशी गेली. मग एके दुपारी मंडळातल्या एक आजी (आता त्या नाहीत) सुपात तांदूळ घेऊन आल्या. "मला दिसत नाही गं, निवडून दे." बसल्या. काही विचारले नाही, उपदेश केला नाही. तासाभराने सूप घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. त्यांच्या घरी सुना होत्या, तांदूळ निवडायला माझी गरज नव्हती, हे मला चार दिवसांनी कळले. आणि एकदा तर आदल्या दिवशी मीच निवडलेले तांदूळ परत आले होते!

त्यांच्यापाशी बसून मला गप्प बसता येऊ लागले. आता दुपारी कामे आटोपली की मी अर्धा तास मागच्या ओटीवर एकटी बसते. आधीही एकटीच बसत असे, पण तेव्हा कोंडल्यासारखे वाटे. आता कडी माझ्या हातात असते. आणि तो अर्धा तास लांबून दोन तासांवर गेला, कुणाची हाक नकोशी वाटू लागली, की मी समजते आणि साताऱ्याची गाडी धरते.

एक माहिती देते. २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला; या आजारावर उपचार मिळणे हा आपला हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी तो इतर आजारांसारखाच धरावा असे त्यात आहे. २०२२ पासून सरकारचा टेलिमानस हा दूरध्वनी आहे, १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. सुनेसाठी, लेकीसाठी, स्वतःसाठी लिहून ठेवा. घाटावर त्या संध्याकाळी माझ्याजवळ असता तर बरे झाले असते.

आता शेवटचे. गेल्या महिन्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, यंदा भिशीची वही पुन्हा तुम्ही सांभाळा. ज्यांच्या लेकीची फी राहिली होती, त्यांनीच नाव सुचवले म्हणे. मी वही घेते, पण अटीवर. पैसे माझ्या नि त्यांच्या दोघींच्या ताब्यात राहतील. आणि मी भल्या पहाटे कुणाच्या दारात उभी दिसले, भराभर बोलू लागले, वाण वाटू लागले, तर कुणीही भीड न धरता वही काढून घ्यावी आणि ह्यांना फोन करावा. मी तेव्हा भांडेन, शिव्याही देईन. तिकडे लक्ष देऊ नका.

नऊ वाजत आले. माझ्या गोळीची वेळ झाली, तेव्हा मला निघायला हवे. तांब्यात पाणी असेल तर कुणी जरा पुढे करा.