भांडार, नोंदवही आणि लोकल पर्चेस

मी चेन्नईहून बोलतोय. मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी सैन्याच्या ऑर्डनन्स शाखेत, आणि निवृत्तीनंतर मुक्काम इथे नंदंबाक्कमला. तमिळ अजून मोडकीतोडकीच येते, पण फिल्टर कॉफी आता घरच्यासारखी करता येते.

आजचा विषय ऐकून काही जण व्हिडिओ बंद करतील. लिनक्सवर बाहेरचे सॉफ्टवेअर कसे बसवायचे आणि बसवल्यावर ते कसे सांभाळायचे, हा आजचा विषय. मी संगणकाचा इंजिनियर नाही, साधा बी.ए. आहे. पण आयुष्यभर भांडारे सांभाळली आहेत, आणि हा विषय मुळात भांडाराचा आहे. म्हणून पाच मिनिटे थांबा, मग ठरवा.

आधी माझी चूक सांगतो.

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. बाहेर पाऊस, चेन्नईत नोव्हेंबरात पडतो तसा. संध्याकाळी एका दिवंगत हवालदाराची पत्नी दारात आली. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्या आत कागद. मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद स्कॅन करून पाठवायचे होते आणि मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. आमच्या भागातले माजी सैनिक आणि वीरपत्नी अशा कामांसाठी माझ्याकडे येतात. घरी डेबियन लिनक्सचा संगणक आहे आणि त्याच आठवड्यात मी नवा स्कॅनर आणला होता. तो अजून जोडलेला नव्हता. मी म्हटले, ‘बसा, दहा मिनिटांचे काम आहे.’

स्कॅनरच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची फाईल उतरवली. बसवायला गेलो तर संगणक म्हणाला, हिला एक जुनी लायब्ररी लागते, ती इथे नाही. नेटवर कुणीतरी उपाय लिहिला होता : डेबियनच्या जुन्या आवृत्तीचे भांडार आपल्या यादीत जोडा आणि तिथून ती लायब्ररी घ्या. मी जोडले. आज्ञा दिली. पडद्यावर एक लांबलचक यादी आली. वरती लिहिले होते की ही पॅकेजेस काढून टाकली जातील. खाली प्रश्न होता : पुढे जायचे का? मी यादी वाचली नाही. ‘वाय’ दाबले.

संगणकाने सांगितलेले काम चोख केले. जुनी लायब्ररी नव्या लायब्ररीशी जमत नव्हती, म्हणून नवी काढली. नवीवर जे जे उभे होते तेही काढले. त्यात माझा सगळा डेस्कटॉप गेला. पुन्हा सुरू केल्यावर काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. ती बाई म्हणाली, “साब, हो जाएगा ना?” मी हो म्हटले, आणि मला माहीत होते की मी खोटे बोलतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझिंग सेंटर उघडण्याआधी आम्ही दोघे त्याच्या शटरसमोर उभे होतो. मुदतीच्या तासभर आधी कागद गेले. मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. पण ते सेंटर त्या दिवशी पावसाने बंद असते तर? माझ्या एका ‘वाय’ने त्या मुलीचे वर्ष गेले असते. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता भांडाराकडे वळू.

सैन्याच्या डेपोत वस्तू येते तेव्हा आधी तपासणी होते. मग लेजरला नोंद आणि कप्प्याला बिन कार्ड. युनिटला वस्तू हवी असेल तर इंडेंट पाठवावा लागतो, वस्तू जाताना व्हाउचर होते. वस्तू कुठून आली, कुठे गेली, कुणाच्या सहीने गेली, हे दहा वर्षांनीही सांगता येते. डेबियनची व्यवस्था अगदी अशीच आहे. १९९३ साली इयान मरडॉक या तरुणाने हा प्रकल्प सुरू केला. तिथे हजारो पॅकेजेस एका अधिकृत भांडारात असतात. प्रत्येकाला सांभाळणारा कुणीतरी जबाबदार असतो. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते, म्हणजे आपल्या भाषेत लाखेचे सील. तुमच्या संगणकातला ‘ॲप्ट’ हा क्वार्टरमास्टर. तुम्ही एक वस्तू मागितली की तिला लागणाऱ्या बाकीच्या वस्तूही तो शोधून आणतो. त्याच्या हाताखालचा ‘डीपीकेजी’ हा स्टोअरकीपर. तो वस्तू जागेवर ठेवतो आणि लेजर लिहितो.

ही व्यवस्था परदेशातली, आपला काय संबंध, असे वाटेल. संबंध चेन्नईशीच आहे. २००५ साली इथे मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र सुरू झाले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट इथल्या आवारातले एयू-केबीसी संशोधन केंद्र यांनी मिळून ते उभारले. तिथून २००७ साली ‘बॉस’ आली, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. तिचा पाया डेबियनच. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे हे काम चेन्नईत झाले, याचा मला मराठी माणूस म्हणून आणि चेन्नईकर म्हणूनही आनंद आहे. तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना जे मोफत लॅपटॉप वाटले, त्यांत विंडोजच्या जोडीला बॉसही होती. पुढे २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ नावाची प्रणाली आणल्याच्या बातम्या आल्या. ती उबंटूवर उभी आहे आणि उबंटू डेबियनवर. म्हणजे आज आपण जे बोलतोय ते सगळीकडे लागू आहे.

मग अडचण कुठे येते? डेपोत नसलेली वस्तू लागते तेव्हा. सैन्यात तिला ‘लोकल पर्चेस’ म्हणतात. बाजारातून खरेदी. ती वाईट नाही, पुष्कळदा तिच्यावाचून गाडी हलत नाही. पण तिला नियम असतात, कारण तिथे डेपोची तपासणी झालेली नसते. लिनक्सवर लोकल पर्चेसचे चार मार्ग आहेत.

पहिला, सुटी फाईल उतरवून बसवणे. मी स्कॅनरसाठी तेच करत होतो. लक्षात ठेवा, अशी फाईल बसताना तिच्यातल्या सूचना संगणकाच्या सर्वोच्च अधिकाराने चालतात. म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तुम्ही दारूगोळ्याच्या कोठाराची किल्ली देता. आणि पुढच्या सुधारणा बहुधा आपोआप येत नाहीत. त्या तुम्हालाच आणाव्या लागतात.

दुसरा, बाहेरचे अख्खे भांडार यादीत जोडणे. पुष्कळ नामवंत ब्राउझर असे मिळतात. सोय मोठी, कारण सुधारणा नियमित येतात. पण त्या भांडाराच्या सहीची किल्ली तुम्हाला ठेवून घ्यावी लागते. पूर्वी सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात जायच्या, मग त्या बाहेरच्या किल्लीने कुठल्याही भांडाराचे सील खरे ठरायचे. आता प्रत्येक किल्ली वेगळी ठेवून ती फक्त त्याच भांडारापुरती बांधता येते. तसेच करा. आणि एका आवृत्तीच्या डेबियनमध्ये दुसऱ्या आवृत्तीचे भांडार मिसळू नका. एका ट्रकचे भाग काढून दुसऱ्याला लावण्यासारखे ते आहे. शेवटी दोन्ही ट्रक उभे राहतात.

तिसरा, मूळ कोड आणून स्वतः बांधणे. यात शिकायला खूप मिळते. पण असे बांधलेले सॉफ्टवेअर सहसा ‘यूएसआर लोकल’ या कप्प्यात जाते आणि स्टोअरकीपरला त्याचा पत्ता नसतो. लेजरला नोंद नाही. सहा महिन्यांनी ते काढायचे ठरले तर कुठली फाईल कुणाची, हे तुमच्या डोक्यातच हवे.

चौथा, फ्लॅटपॅक किंवा स्नॅप. यात सॉफ्टवेअर आपला शिधा आपल्या बरोबर घेऊन येते आणि बरेचसे वेगळ्या खोलीत राहते. जागा जास्त खाते, पण तुमच्या लायब्रऱ्यांना धक्का लावत नाही. नव्या माणसाला मी हा मार्ग आधी सुचवतो. तिथेही पॅकेज कुणी बनवले ते पाहायचेच, आणि त्या खोलीला बाहेरच्या कुठल्या फाईली उघडता येतात तेही.

पायथन शिकणाऱ्या मुलांसाठी एक वाक्य. २०२३ च्या डेबियन १२ पासून ‘पिप’ने थेट सिस्टिममध्ये काही बसवायला गेलात की संगणक अडवतो. नेटवर त्याला फोडायची युक्ती मिळते. ती वापरू नका. ‘वेन्व्ह’ नावाची वेगळी खोली करा आणि तिथे हवे ते प्रयोग करा.

कुणी म्हणेल, अधिकृत भांडार तरी पूर्ण सुरक्षित आहे का? प्रामाणिक उत्तर, नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर सोडून देता. त्याने माग काढला. ‘एक्सझेड’ नावाच्या एका छोट्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा निघाला. तो ठेवणाऱ्याने सुमारे दोन वर्षे मदतनीस म्हणून काम करत विश्वास कमावला होता. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत तो पोचला होता, स्थिर आवृत्तीत नाही. कारण माल टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो. आणि लेजर असल्यामुळे प्रत्येकाला एका आज्ञेत कळले की आपल्याकडे कुठली आवृत्ती आहे. नोंद असली की संकटात पहिला तास वाचतो.

माझ्या संगणकाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. काळ्या पडद्यावरही लॉगिन करता येते. आत गेलो. ‘ॲप्ट’ची एक इतिहासाची फाईल असते, तिच्यात तारीख-वेळेसह काय आले, काय गेले, सगळे लिहिलेले असते. माझ्या चुकीचा पंचनामा संगणकानेच लिहून ठेवला होता. जुन्या भांडाराची ओळ काढली, यादी ताजी केली, गेलेली पॅकेजेस एकेक करून परत आणली. दोन संध्याकाळी लागल्या. वैयक्तिक फाईल एकही गेली नव्हती.

आणि मग जे कळले त्याने मला खरी लाज वाटली. त्या स्कॅनरला कंपनीच्या ड्रायव्हरची गरजच नव्हती. ‘सेन-एअरस्कॅन’ नावाचे पॅकेज डेबियन ११ पासून अधिकृत भांडारात आहे. नव्या जातीचे पुष्कळ स्कॅनर त्यावर चालतात. ते बसवले आणि तीन मिनिटांत पहिले पान आले. वस्तू डेपोत पडून होती आणि मी बाजारात फिरत होतो. हाच प्रकार एखाद्या कॅप्टनने केला असता तर मी त्याला उभा करून विचारले असते, ‘आधी स्टॉक का नाही पाहिला?’

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर पाच स्थायी आदेश आहेत.

एक. आधी अधिकृत भांडारात शोधा. मराठी छापील मजकूर ओळखणाऱ्या टेसरॅक्टचे मराठी पॅकेजसुद्धा तिथे आहे. आपल्याला वाटते त्यापेक्षा डेपो मोठा असतो.

दोन. बाहेरून आणायचेच तर कुणाकडून, कशासाठी, आणि सुधारणा कशा येणार, हे तीन प्रश्न विचारा.

तीन. आधी तालीम करा. ‘ॲप्ट’ला ‘सिम्युलेट’ सांगितले तर तो काही न बदलता फक्त काय होईल ते दाखवतो. काढून टाकायची यादी शेवटपर्यंत वाचा. २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर हीच चूक केली. संगणकाने त्याच्याकडून ‘होय, मी सांगतो तसे कर’ असे अख्खे वाक्य टाईप करून घेतले, तरी डेस्कटॉप गेलाच. तेव्हा मी एकटा नाही, एवढेच समाधान.

चार. वहीत लिहा. मी कागदाची वही ठेवतो : तारीख, काय बसवले, कुठून, आणि काढायचे कसे.

पाच. दुसऱ्याचे काम समोर असताना नवा प्रयोग करायचा नाही. चालणारा रस्ता आधी धरा, प्रयोग रात्री करा.

पाचवा आदेश संगणकाच्या कुठल्याच पुस्तकात मला दिसला नाही. तो त्या पावसातल्या संध्याकाळी मिळाला.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात आईबरोबर आली होती. तिच्या लॅपटॉपवर काहीतरी बसवायचे होते आणि तिने नेटवरची एक ओळ चिकटवायला घेतली होती. मी म्हटले, ‘थांब, आधी वाचू.’ आम्ही दोघांनी ती ओळ शब्दाशब्दाने वाचली. अर्ध्या तासाने कळले की ते पॅकेज भांडारातच होते. तिने ते बसवले, आणि मी न सांगता वहीत लिहिलेही.

तुमचे प्रश्न जरूर कळवा. मला येत असेल तर उत्तर देईन, नसेल तर आपण मिळून शोधू. जय हिंद.