आता काट्यावर मी

(धानोरा, जि. नंदुरबार येथे बायकांच्या बैठकीत एका अंगणवाडी सेविकेने केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं संक्षिप्त केलं आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या पुरुष मंडळींनो,

तुम्ही मला ओळखता. तुमच्यातल्या निम्म्या जणींची मुलं मी झोळीत बसवून काट्याला लटकवली आहेत. मूल लाल रेघेखाली गेलं की तुमच्या दारात येऊन बडबडणारी ती मीच. आपल्या जिल्ह्यात वजन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कमी वजनच येतं. पेपरात नंदुरबार येतं तेही कुपोषणासाठी. त्यामुळे माझ्यासारखी बाई काट्याशेजारी उभी राहिली की लोक हसतात. "पोरांचा आहार बाईंनीच खाल्ला वाटतं," हे मी पाठीमागे ऐकलं आहे, आणि एकदा तोंडावरही. मी हसून सोडून दिलं. घरी जाऊन मात्र जेवले नाही. रात्री उठून दोन भाकरी खाल्ल्या.

आज मी स्वतःच्या वजनाबद्दल बोलणार आहे. माझं वय ५२, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९७ किलो. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की माझा आकडा येतो ४२. आपल्या लोकांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. मधुमेह ११ वर्षं आहे. रात्री झोपेत श्वास अडकतो, दचकून उठते. गुडघ्यांमुळे पाड्यावरच्या घरी जायचं म्हटलं की मदतनीस बाईंना पाठवते, आणि त्याची लाज वाटते. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जठराचं ऑपरेशन करून घ्या. घरचे म्हणाले, कशाला, तोंडावर ताबा ठेव म्हणजे झालं. या दोन वाक्यांमध्ये मी वर्षभर अडकले होते.

आधी ताब्याचं सांगते. तीनदा ठेवून पाहिला. एकदा श्रावणात माझ्याच मनाने एकवेळ जेवण सुरू केलं, साखरेची गोळी मात्र चालूच ठेवली. अंगणवाडीत मुलांपुढे घेरी येऊन पडले. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना न विचारता उपास करू नये, एवढं त्यातून शिकले. दुसऱ्यांदा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकलं. तुमच्यातही कितीतरी जणींनी ऐकलं असेल. २०१८ च्या सुमाराला महाराष्ट्रात घरोघरी तेच चाललं होतं. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटं चालायचं. दोनदा खायची ही कल्पना मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांची. यावेळी डॉक्टरांना विचारून केलं. ११ किलो उतरले. मग घरात लग्न निघालं, मग मिरची तोडणी आली, मग सासूबाई आजारी. वर्षभरात १४ किलो परत आले. तिसऱ्या वेळचं तर सांगण्यासारखंही काही नाही.

मी वही ठेवली होती. काय खाल्लं ते लिहायची. ती वही परवा काढून वाचली तेव्हा एक गोष्ट दिसली. माझ्या ताटातलं जेवण जास्त नाहीच. जास्त आहे ते ताटानंतरचं. मुलाने टाकलेली अर्धी भाकरी, पातेल्याच्या तळाची डाळ, नातवाचा उरलेला भात, पाहुण्यांचा शेव-चिवडा. फेकवत नाही. आम्ही १९७२ च्या दुष्काळातल्या पिढीच्या पोरी; माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडताना माझ्या वेळी पोटुशी होती. अन्न फेकणं आम्हाला पाप. मग घरातलं उरलेलं जातं कुठे? बाईच्या पोटात. गरिबीत बाई शेवटी जेवते म्हणून उपाशी राहते. थोडं बरं आलं की शेवटी जेवते म्हणूनच फुगते. शेवटी जेवायची रीत तीच राहते.

आता पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपली बाळं बारीक दिसत असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळ पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतं, असं ते सांगतात. हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं. म्हणजे जी पोरं मी लाल रेघेखाली मोजते आणि जी मी आज आहे, त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे १९ टक्के बायका फार बारीक निघाल्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. याला तोंडावरचा ताबा म्हणायचं का?

आता ऑपरेशन. यावर गावात सगळ्यांना एकच गोष्ट माहीत आहे. "ती इजिप्तची बाई मुंबईत आणली होती, ती मेलीच ना?" इमान अहमद तिचं नाव. वजन ५०० किलोच्या आसपास, अशी बातमी होती. पंचवीस वर्षं घराबाहेर पडली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला विमानाने मुंबईला आणलं, मार्चमध्ये सैफी रुग्णालयात ऑपरेशन झालं, मे मध्ये ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिथे वारली. हृदय आणि मूत्रपिंड यांचे आजार होते, असं तिथल्या रुग्णालयाने सांगितलं. मधल्या काळात तिची बहीण आणि मुंबईचे डॉक्टर यांचं टीव्हीवर भांडण झालं. मला त्या सगळ्यात एक खटकत राहिलं. रोज तिचं वजन सांगत होते, पण ती काय म्हणते ते कोणी सांगत नव्हतं. पक्षाघातामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं, हे खरं. पण बोलता येणाऱ्या आपल्यालाही कोण विचारतं? आणि तिच्यावरून माझं ठरवता येणार नाही. ती अंथरुणाला खिळलेली होती. मी इथे चालत आले आहे, हळूहळू का होईना.

तेव्हा जे विचारून घेतलं ते सांगते. दोन ऑपरेशनं जास्त होतात. एकात जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून जास्त, कापून काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. काढलेला भाग परत बसत नाही. त्या भागात भूक लावणारा रस तयार होतो, तो कमी झाल्यामुळे भूकही मंदावते. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीने होतात. चांगल्या ठिकाणी हजारात एक ते तीन माणसं महिन्याभरात दगावतात. टाक्यातून गळती होऊ शकते. नंतर पित्ताचे खडे, केस गळणं हे होतं. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि ज्या थोडी मोहाची घेतात (हसू नका), त्यांनी ऐकावं: आतड्याच्या जोडणीनंतर दारू फार लवकर चढते.

फायदा? स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोक पाहिले. सरासरी जवळजवळ ११ वर्षांत ऑपरेशन केलेल्या २,०१० जणांपैकी १०१ वारले, न केलेल्या २,०३७ पैकी १२९. तेव्हाची ऑपरेशनं आजच्याहून वेगळी होती, हेही सांगते. आणि पथ्याची बाजूही खोटी नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ साली दिसलं की कडक पथ्याने निम्म्याजवळ लोकांचा मधुमेह वर्षभरात मागे हटला. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, आणि पेय तयार मिळत होतं, पाठीशी नर्स होती. माझ्या पाठीशी चूल आहे. २०२५ पासून आपल्याकडे वजनाची इंजेक्शनंही आली आहेत. ती थांबवली की बरंचसं वजन परत येतं, आणि दर महिन्याचा खर्च माझ्या मानधनात बसत नाही.

आपल्या गटातल्या मैत्रिणींचं म्हणणं वेगळं होतं. एक जण म्हणाली, बाजार बाईला बारीक व्हायला सांगतो, आणि तू पोट कापून घ्यायला निघालीस? तिने मला सुझी ऑरबाखच्या १९७८ च्या पुस्तकाबद्दल सांगितलं, लठ्ठपणा हा बाईचा प्रश्न कसा आहे ते. मला पटलं. फोटोत छान दिसण्यासाठी मी हे करणार नाही. पण माझा श्वास रात्री अडकतो तो बाजाराने अडकवलेला नाही. स्वतःच्या शरीराचा स्वीकार करायचा म्हणजे त्याचं दुखणंही मुकाट्याने स्वीकारायचं का?

खरा प्रश्न मला वेगळाच छळत होता. ऑपरेशन झालं की उरलेलं माझ्या पोटात मावणारच नाही. डॉक्टरांच्या कागदावर हे कारण नाही, पण माझ्या मनात ते होतं. मग वाटलं, घराला भाकऱ्या मोजून करता येत नाहीत म्हणून मी माझं जठर कापायचं? दिवाळीत मी सगळ्यांना बसवून सांगितलं. आता मी सगळ्यांबरोबर जेवणार. ताटात ज्याचं उरेल ते त्याने झाकून ठेवायचं आणि सकाळी त्यानेच खायचं. हे आठवडाभर बोलले नाहीत. मग सकाळी शिळी भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. चार महिन्यांत १०१ वरून ९७ वर आले, एकही उपास न करता.

तरीही मी ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. ४ किलोंनी श्वास सुटला नाही, साखर उतरली नाही, आणि डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम सुरू झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं. घरातला बदल मला नंतरही लागणारच आहे; लहान जठरालाही वेळेवर आणि आधी जेवावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर हे म्हणाले, एवढ्यात विहिरीचं काम झालं असतं. झालं असतं. मुलाच्या नोकरीचा विमा आहे, त्यात आईवडील आहेत. नियमाप्रमाणे आकडा ४० च्या वर असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि साधे उपाय करून झाले असतील तर पैसे मिळतात. विमावाल्यांनी विचारलं, साधे उपाय केल्याचा पुरावा काय? मी ती वही पाठवली, तळाच्या डाळीसकट. उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तर बचत गटाकडे कर्ज मागणार आहे. तेव्हा तुम्ही हात वर करायचा की नाही ते आत्ताच ठरवून ठेवा.

दुसरी अडचण रक्ताची. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, बाईला १२ हवं. ऑपरेशननंतर लोह आणखी कमी शोषलं जातं, म्हणून आधी रक्त भरून आणा, असं सांगितलं आहे. सिकलसेलची तपासणीही करून घेतली. मी वाहक आहे, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगून ठेवायचं आहे. तुम्हीही तपासणी करून घ्या, आपल्या भागात हे घरोघरी आहे.

रक्त पुढच्या सोमवारी परत तपासणार. नीट चढलं असेल तर सुरतेची गाडी धरायची. सोबत कोण येणार यावर घरात वाद चालू आहे. मुलगा म्हणतो मी येतो, सूनही तयार आहे. मी म्हटलं, यांनीच यावं. नंतर कधी, किती आणि कोणाच्या आधी जेवायचं, ते डॉक्टरांच्या तोंडून यांनी ऐकलेलं बरं.