अर्ज कोणी करावयाचा?

(नौपाडा, ठाणे येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)

ठाण्याच्या किल्ल्याची उभारणी पोर्तुगीजांनी १७३० मध्ये आरंभली, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे तेथेच फासावर गेले.

असा वारसा राखण्यासाठी शासनाकडे अनुदान मागणे ही याचना नव्हे. तो पैसा जनतेचाच आहे. परंतु हक्कालाही कागद लागतो. मालकीचा उतारा, मोजणीचा नकाशा, छायाचित्रे आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडले नाही, तर नुसत्या भावनेने फाईल हलत नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार वास्तू संरक्षित घोषित करण्यापूर्वी हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते. त्या काळात जागेवर डोळा असणारे स्वस्थ बसत नाहीत. कार्यकर्त्यांनीही बसू नये.

आणखी एक. किल्ल्यासाठी, देवळासाठी अर्ज करणारे पुष्कळ भेटतात. कामगारांची चाळ, जुने सार्वजनिक वाचनालय यांच्यासाठी कोण करतो? ज्यांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले, त्यांच्या वास्तूचे नाव अर्जातच नसेल, तर ते अनुदानाच्या यादीत कोठून येणार? तो अर्ज लिहिणे हेही चळवळीचेच काम आहे.