आवडत्या गाण्यांचा नॉमिनी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सांस्कृतिक समितीने मला ‘माझे आवडते संगीत’ हा विषय दिला आहे. मी काही गाणारा नाही. राग ओळखा म्हटले तर दहापैकी चार बरोबर येतील. उभी हयात बँकेत आकडे जुळवले आणि घरी येऊन गाणी ऐकली, एवढीच माझी पात्रता.

पहिली आवड खडी गंमतीची. आपल्या कारध्याच्या, वैनगंगेकाठच्या जुन्या मंडळींना ती समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरायची आणि रात्रभर दंडार नाहीतर खडी गंमत चालायची. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि उभ्याने गाणारे शाहीर. सवाल-जवाब रंगले की पहाट कधी झाली, कळत नसे जी! वडील मला खांद्यावर बसवून नेत. आजही ढोलकीवर थाप पडली की मला आधी त्यांचे खांदे आठवतात.

दुसरी आवड खंजिरीची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची भजने आमच्या घरातून गेली नाहीत. आई शाळेत गेली नव्हती. तिला जे पाठ होते ते सारे भजनातून आलेले. खंजिरीच्या चकत्या वाजल्या की ती हातातले काम ठेवायची.

तिसरी आवड रेडिओने लावली. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. अमीन सयानींचा आवाज आला की पानठेल्यापुढे गर्दी व्हायची. पुढे बदलीच्या गावी एकट्याने राहताना त्याच हिंदी गाण्यांनी सोबत केली.

आणि चौथे नाव पं. वसंतराव देशपांडे. ते आपल्या विदर्भातले, जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. बरीच वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. दिवसभर हिशेब आणि मग गाणे, हे वाचले तेव्हा ते मला फार जवळचे वाटले. कोण्या एका घराण्यात त्यांनी स्वतःला बांधून घेतले नाही. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, सारे तेवढ्याच जिव्हाळ्याने गायले. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातले त्यांचे खाँसाहेब मी कॅसेटवर किती वेळा ऐकले, त्याचा हिशेब नाही. सहामाही क्लोजिंगच्या रात्री घरी येऊन तीच कॅसेट लावायची, मग झोप यायची.

आता हे सगळे आज का सांगतो? दोन वर्षांपूर्वी कान तपासले. वय झाले की बहुधा उंच, बारीक आवाज आधी जातात. ढोलकीचा घुमारा मला अजून स्पष्ट ऐकू येतो. खंजिरीच्या चकत्या मात्र जवळजवळ गेल्या. मशीन लावले की काहीतरी खणखणते, पण आईची खंजिरी ती नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात नातू आला होता. तो रॅप ऐकतो. मला म्हणाला, “आजोबा, एकदा ऐका ना.” शब्द अर्धेच कळले. पण त्यातली ती ठासून बोलण्याची लय, समोरच्याला आव्हान देणे ऐकून मला मंडईतले शाहीर आठवले. मग मी त्याला खडी गंमत म्हणजे काय ते सांगितले. तो तासभर ऐकत बसला. त्याच्या मोबाईलमध्ये लाखो गाणी आहेत, पण पणजोबांच्या खांद्यावरून ऐकलेले गाणे त्यात नव्हते.

बँकेत आम्ही प्रत्येक खातेदाराला विचारायचो, “नॉमिनी लावला का?” लोक हसून टाळायचे. तेच आज तुम्हाला विचारतो. तुमचे आवडते गाणे कोणते आणि ते का, हे घरात कोणाला ठाऊक आहे? गाणे इंटरनेटवर मिळेल बाप्पा. त्यामागचे ‘का’ तुमच्याशिवाय कोण सांगणार? पंचवीस वर्षे शेजारी राहून मलाही तुमचे गाणे माहीत नाही.

म्हणून एक सुचवतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजता, गच्चीवर जमू. प्रत्येकाने एकच गाणे आणायचे आणि पाच मिनिटांत ते का आवडते ते सांगायचे. भजन, गझल, रॅप, काहीही चालेल. दहाच्या आत आवाज बंद.

पहिली पाळी माझी. मी खंजिरीचे भजन आणतो. चकत्या नीट वाजतात की नाही, ते तुम्ही मला सांगा.