डोळ्यातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते



कर्करोग हा शब्द कानी पडला की माणसाचा धीर सुटतो. त्यातून तो डोळ्याचा असेल तर कुणी भीतीपोटी तपासणीच टाळतात, तर कुणी नुसत्या शंकेने हातपाय गाळून बसतात. म्हणून आज एवढेच सांगावयाचे आहे, की डोळ्यातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु ती कशाची आहे हे घरी बसून ठरत नाही.

डोळ्याच्या मागच्या बाजूस जिथून दृष्टीची नस निघते, तिथे क्वचित काळीभोर गाठ आढळते. तिला मेलॅनोसायटोमा म्हणतात. मेलॅनोमा हा कर्करोगही बहुधा गडद रंगाचा असल्याने पूर्वी दोहोंत गल्लत होई आणि डोळा काढून टाकला जाई. १९६२ साली झिमरमन व गॅरन या अमेरिकन डॉक्टरांनी ही गाठ साधी असल्याचे दाखवून दिले. क्वचितच ती कर्करोगाचे रूप घेते; म्हणून दरवर्षी डोळ्याच्या आतील फोटो काढून ती वाढते आहे का, हे पाहतात.

दुसरी गाठ ऐकून आश्चर्य वाटेल. तिच्यात चक्क हाड असते! १९७८ साली डॉ. गॅस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले. ही बहुधा तरुण स्त्रियांत आढळते. तिने नजर कमी होऊ शकते, पण जिवाला धोका नसतो. अल्ट्रासाउंड तपासणीत हाड ओळखू येते.

अशा तपासण्यांचे मोल किती? १९६४ साली डॉ. फेरी यांनी मेलॅनोमा समजून काढलेल्या ५२९ डोळ्यांचा अभ्यास मांडला. त्यांतील १०० डोळ्यांत मेलॅनोमा नव्हताच! पुढे १९९० साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात अशा ४१३ डोळ्यांपैकी फक्त २ डोळ्यांचे निदान चुकले होते. हे अंतर काटेकोर तपासणीने कापले.

पालकहो, लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा तिरळा वाटू लागला, तर मात्र एक दिवसही दवडू नका. तो मोतीबिंदू असू शकेल, रक्तवाहिन्यांचा कोट्स नावाचा विकार असू शकेल. पण रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोगही असू शकेल. तो बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक मुले वाचतात. काजळ, झाडपाला, कुणी सांगितलेले थेंब यांत वेळ घालवू नये. डोळा काढण्याचा सल्ला मिळाला तर कारण विचारा, हवे तर लगेच दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मात्र घाबरून घरी परतू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही उद्या डॉक्टर व्हाल. वरवर सारखे दिसणारे सारखेच असते असे नाही, हे ध्यानात ठेवा. ही सवय कोणत्याही विद्येत उपयोगी पडेल.