खांदा उतरला नव्हता, सुटला होता
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



माझं आयुष्य बँकेत गेलं, डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात मी आपल्याच जिन्यात पडलो आणि तेव्हापासून "काका, खांदा उतरला होता का हो?" असं इतक्या जणांनी विचारलं, की आज सर्वांना एकदमच उत्तर देतो.

खांदा उतरतो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर येतो. माझं तसं नव्हतं. गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन, खांद्याच्या टोकाशी फऱ्याच्या हाडाला जिथे मिळतं तो लहानसा सांधा सुटला. त्याला एसी जॉइंट म्हणतात. हातातली भाजीची पिशवी सोडवेना, त्यामुळे हात टेकला नाही आणि सगळा भार खांद्याच्या टोकावर आला. सायकलवरून पडणाऱ्यांना, मैदानी खेळाडूंना हे होतं म्हणे. सत्तरीनंतर का होईना, खेळाडूंच्या पंक्तीला बसलो!

गरम तेलानं चोळा, हाडवैद्याकडून बसवून घ्या, असे सल्ले प्रेमानं मिळाले. ते ऐकले नाहीत हे नशीब. ताज्या दुखापतीवर चोळलं तर सूज वाढते. सुरुवातीला बर्फच, तोही फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं.

डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांचा एक्स-रे काढायला लावला. मला वाटलं, बिल वाढवतायत! पण चांगल्या खांद्याशी ताडून पाहिल्यावरच हाड किती सरकलं ते कळतं. या दुखापतीचे सहा प्रकार. पहिले दोन बिनऑपरेशनचे बरे होतात, चौथ्यापासून बहुधा ऑपरेशन. माझा नेमका तिसरा, ज्यावर डॉक्टरांतच मतभेद! मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, करूनच टाका." डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला गोलंदाजी थोडीच करायची आहे? आधी व्यायामानं पाहू."

आता माझी चूक सांगतो. हाताची झोळी तीन आठवड्यांनी काढायला सांगितली होती. मी भीतीपोटी पाच आठवडे ठेवली. सांधा जुळत आला, पण खांदा आखडला. भांग पाडायला हात वर जाईना. शर्टाची बटणं सौ. लावून देई. त्यात नोव्हेंबर, हयातीचा दाखला. काउंटरवरची मुलगी अदबीनं म्हणाली, "काका, सही जुळत नाही." हे वाक्य मी नोकरीभर लोकांना ऐकवलं होतं. घरी येऊन मी बराच वेळ कोणाशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपी सुरू केली. वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं. हात पोचेल तिथे मी पेन्सिलीनं खूण करी. कधी चार दिवस एकाच खुणेवर! दिवाणखान्याची ती भिंत अजून रंगवू दिलेली नाही. जड पिशवीला तीन महिने बंदी होती. आज हात पूर्ण वर जातो. खांद्यावर उंचवटा राहिलाय, तो राहणारच, पण दुखत नाही.

एक कबुली राहिली. जिन्याला दुसऱ्या बाजूनं रेलिंग लावायचा विषय पूर्वी सभेत आला, तेव्हा खजिनदार म्हणून खर्च पुढे ढकलणारा मीच होतो. आज तो ठराव मीच मांडतोय. सूचक मी, अनुमोदक कोण ते हात वर करून सांगा. ज्यांचा हात वर जात नाही, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.