बालवाद्यवृंद आणि शांतीची मातृभाषा
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं शांतीविषयीं चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. शांतीची थोरवी गाणें सोपें; ती माणसाच्या ठायीं कशी रुजते, हें सांगणें अवघड. म्हणून उपदेशाची वाट सोडून व्हायोलिन वाजविणाऱ्या कांहीं मुलांची खरी हकीकत आपणांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती घडली जपानांत. परंतु तिच्यांतून निघणारा प्रश्न आपल्याच अंगणांतला आहे.

जपानांतील नागोया शहरीं मासाकिची सुझुकी या गृहस्थांचा व्हायोलिनें घडविण्याचा कारखाना होता. त्यांचे चिरंजीव शिनिची यांचा जन्म 1898 सालीं झाला. वाद्यांच्या राशींत वाढूनहि या मुलास तें एक खेळणें वाटे. पुढें तरुणपणीं मिशा एल्मन या थोर वादकानें वाजविलेली शूबर्टची ‘आवे मारिया’ ध्वनिमुद्रिकेवर त्यांच्या कानीं पडली, आणि वडिलांच्या कारखान्यांत काय घडत आहे, हें त्यांना प्रथमच कळलें. एक व्हायोलिन घरीं नेऊन, ऐकून ऐकून, ते स्वतःच वाजवूं लागले. 1921 सालीं ते जर्मनीस गेले व बर्लिन येथें कार्ल क्लिंगलर यांजपाशीं शिकले. तेथेंच त्यांनीं कॅथोलिक धर्म स्वीकारला, आणि 1928 सालीं वॉल्ट्राउड प्रांगे या कॅथोलिक युवतीशीं त्यांचा विवाह झाला.

मायदेशीं परतल्यावर लहान मुलांस हें कठीण वाद्य कसें शिकवावें, या विचारांत असतां त्यांस एक साधी गोष्ट दिसली. जपानांतील प्रत्येक मूल जपानी भाषा अस्खलित बोलतें! मंदबुद्धि म्हणून ज्यास शाळेंत हिणवितात, तें मूलहि आपल्या आईची बोली चुकत नाहीं. तें कसें शिकतें? जन्मापासून ऐकतें, आईच्या तोंडाकडे पाहतें, एकच शब्द हजारदां बोलतें, आणि त्याच्या पहिल्या बोबड्या बोलानें सारें घर हर्षित होतें. मग संगीतहि त्याच रीतीनें कां येऊं नये?

याच विचारांतून सुझुकींची पद्धति उभी राहिली. मुलाच्या अंगास बसेल असें लहानसें व्हायोलिन त्याच्या हातीं द्यावयाचें. परंतु आधीं त्याच्या आईनें तें वाजवावयास शिकावयाचें. शिकावयाच्या गती घरांत रोज ध्वनिमुद्रिकेवर लावून ठेवावयाच्या. स्वरलिपीचें वाचन मागाहून. शिकलेली गत टाकून पुढें जावयाचें नाहीं. तीच पुनःपुन्हां घोटून अधिक गोड करावयाची.

इतक्यांत दुसरें महायुद्ध आलें. कारखान्यांत व्हायोलिनें घडविणें थांबलें, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे लांकडी तरंगते पाय तेथें तयार होऊं लागले. स्वतः शिनिची सुझुकी कीसो-फुकुशिमा या डोंगराळ गांवीं त्यासाठीं लांकूड मिळविण्याच्या कामावर गेले. त्यांची पत्नी जन्मानें जर्मन, म्हणून तिला दूर हाकोने येथें राहावें लागलें. ज्या लांकडांतून सूर निघावयाचा, तेंच लांकूड युद्धाच्या कामीं आलें! युद्ध म्हणजे काय, हें सांगावयास आम्हांस याहून बोलका दाखला सांपडत नाहीं.

युद्ध संपलें. 1946 सालीं मात्सुमोतो गांवीं सुझुकींनीं शिकविण्यास आरंभ केला. देश पराभूत, घरें उद्ध्वस्त, पोटभर अन्न दुर्मिळ. त्यांचा कोजी तोयोदा नांवाचा एक बालशिष्य युद्धकाळांत पोरका झाला होता. सुझुकींनीं रेडिओवरून त्याचा शोध करविला, त्यास स्वतःच्या घरीं आणिलें व मुलासारखें वाढविलें. हाच कोजी पुढें बर्लिन रेडिओच्या वाद्यवृंदाचा अग्रवादक झाला.

सन 1955 मध्यें टोकियो येथें सुमारें 1,200 मुलांनीं एकत्र व्हायोलिन वाजविलें. अशा मेळाव्यांची एक रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. आरंभ सर्वांत कठीण गतींनीं होतो. त्या वेळीं रंगमंचावर थोडींच, पुढें गेलेलीं मुलें असतात. मग क्रमानें सोप्या गती येतात, आणि दर गतीस धाकटीं मुलें येऊन मिळत जातात. अखेरीस अगदीं पहिला धडा वाजतो, आणि तेव्हां सारीं मुलें एकत्र उभीं असतात. बाखची रचना वाजविणारा थोरला मुलगा आतां चार वर्षांच्या बाळाशेजारीं त्याचाच धडा तितक्याच मन लावून वाजवितो. कोणी मागें राहिला नाहीं, आणि पुढें गेलेल्यानें मागच्यास टाकिलें नाहीं.

16 एप्रिल 1961 रोजीं टोकियोंतच अशा सुमारें 400 मुलांचें वादन ऐकावयास पाब्लो कासाल्स आले होते. स्पेन देशांतील हुकूमशाहीच्या निषेधार्थ मायभूमि सोडून राहिलेले हे वृद्ध चेलोवादक. मुलांचें वादन ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि कदाचित् संगीतच जगाचें तारण करील, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या मुखांतून निघाले. पुढें 1964 सालीं जपानांतील दहा मुलें अमेरिकेस गेलीं व फिलाडेल्फिया येथें संगीतशिक्षकांच्या परिषदेंत त्यांनीं वादन केलें. हिरोशिमा व नागासाकी यांच्या संहारास त्या वेळीं उणीं वीस वर्षें झालीं होतीं. पर्ल हार्बरहि अमेरिका विसरली नव्हती. अशा वेळीं शत्रूचीं म्हणून गणलेलीं मुलें हातांत गज घेऊन आलीं, आणि अमेरिकन शिक्षक त्यांच्यापासून शिकावयास बसले. सुझुकी 1998 सालीं निवर्तले. परंतु त्यांच्या पद्धतीनें शिकणारीं मुलें आज अनेक देशांत आहेत. त्यांचे धडे एकच असल्यामुळें, एकमेकांची भाषा येत नसतांहि तीं एकत्र वाजवूं शकतात.

येथें कोणी विचारील, “संगीतानें युद्धें थांबतात काय?” हा आक्षेप खरा आहे, व तो आम्ही टाळीत नाहीं. ज्या जर्मनीनें बाख व बेटहोवेन दिले, तिनेंच 1939 सालीं पोलंडवर चाल केली. ऑशविट्झच्या छळछावणींत बंदिवानांचे वाद्यवृंद होते, आणि कामावर हांकल्या जाणाऱ्या बंदिवानांच्या पावलांस त्यांनीं ताल द्यावयाचा असे. केवळ गोड सुरांनीं माणूस सज्जन होत नाहीं. म्हणूनच सुझुकी सांगत कीं, वादक निपजविणें हा आपला हेतु नव्हे. मुलांचें अंतःकरण चांगलें व्हावें, हा हेतु. शांति सुरांत नाहीं. शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला सूर त्याशीं जुळविण्याची जी रोजची संवय, तिच्यांत आहे. ती मातृभाषेप्रमाणें लहानपणींच, घरांतूनच लागते. मोठेपणीं व्याख्यान ऐकून नव्हे.

ही विद्या आपणांस परकी नाहीं. गोमंतकांतील धर्मग्रामांच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलें स्वरलिपि व व्हायोलिन शिकलीं, आणि मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्या वंशजांनीं भरून काढिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. 1958 सालीं त्यांनीं मुंबईंत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला. त्यांजपाशीं व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल शर्मा पुढें लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील नामवंत संगीतकार झाले. गुरु ख्रिस्ती, शिष्य हिंदु. सूर मात्र एकच.

आतां आपला प्रश्न. महोत्सवाच्या निधींतून कमान उभारावी कीं घंटा घ्यावी, याचा विचार चालू आहे. आमची नम्र सूचना अशी कीं, त्यांतून एक डझन लहान व्हायोलिनें घ्यावीं व एक जाणता शिक्षक नेमावा. मूल वाढलें कीं वाद्य धाकट्याच्या हातीं जाईल. पैसा फुकट जाणार नाहीं. बांधाच्या वादापायीं अबोला धरलेल्या घरांचीं मुलें शेजारीं शेजारीं बसवावीं. गांवांतील हिंदु व मुसलमान बांधवांच्या मुलांसहि बोलवावें. आयांनीं सोबत बसावें, बापांनीं घरीं कौतुकानें ऐकावें. बक्षिसें मात्र ठेवूं नयेत. पहिला-दुसरा ठरविण्याची हौस आपल्यांत मुळांतच पुरेशी आहे.

कमान पाहुण्यांस दिसेल, हें आम्हीं जाणतों. परंतु ज्या दोन बापांचें आज बोलणें नाहीं, त्यांचीं मुलें एका तालावर गज ओढतांना ऐकावयास दोघांनाहि एकाच बांकावर बसावें लागेल. तेवढें झालें तरी महोत्सवाचें सार्थक झालें, असें आम्हीं समजूं. या सूचनेचा आपण विचार करावा, एवढी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.